आत्याची वही, आप्पांचा कांदा

मंडळी, आज जरा लांबलचक लिहितोय. ज्यांना फक्त आजचा भाव पाहिजे, त्यांच्यासाठी तो सकाळीच टाकलाय, इथं थांबू नका. ज्यांच्याकडं दहा-पंधरा मिनिटं आहेत त्यांनी वाचा आणि वाचून झाल्यावर मला शिव्या द्यायच्या असतील तर द्या. व्यापारी मित्रांनी पण द्या. सवय झालीय.

दिवाळीच्या तोंडावर मुंबईला गेलो होतो. माहीमला माझी आत्या राहते, आप्पांची थोरली बहीण. लासलगावला पहाटे पंचवटी पकडली, सोबत दहा किलो कांद्याची पिशवी. दादरला उतरून लोकलनं माहीम. पिशवी खांद्यावर घेऊन गोपी टँक मार्केटच्या बाजूनं जाताना एका गाड्यावर भाव विचारला. तीस रुपये. मी थबकलो, कारण त्याच आठवड्यात आप्पांचा कांदा बाजार समितीत अकराशे रुपये क्विंटलनं गेला होता. म्हणजे किलोला अकरा. गाडीवाल्याला म्हटलं, "आमच्याकडं अकरा चाललाय." तो हसला, म्हणाला, "मग तिकडंच घ्या ना साहेब."

बरोबरच आहे त्याचं. तो काही बंगले बांधत नाही. वाशीच्या मार्केटमधून गोणी उचलायची, टेम्पोचं भाडं, सडका-फुटका माल काढून टाकायचा, बसायच्या जागेचे ज्याला द्यायचे त्याला द्यायचे. रिझर्व्ह बँकेचा एक अभ्यास २०२४ मध्ये आला होता, टोमॅटो, कांदा आणि बटाटा या तिघांवर. त्यात गिऱ्हाइकानं कांद्यासाठी मोजलेल्या रुपयातले शेतकऱ्याला साधारण ३६ पैसे मिळतात असं काढलंय. तिसात अकरा म्हणजे तेवढेच झाले. मी उगाच मोबाईलवर भागाकार करत तिथं उभा राहिलो आणि मागून येणाऱ्या एका बाईंनी "सरका हो" म्हणून ढकललं.

आत्या त्र्याहत्तर साली लग्न होऊन माहीमला आली. तीच चाळ, तीच खोली, तोच लाकडी जिना. आता जवळ मेट्रो आलीय, शीतलादेवीचं स्टेशन झालंय, पण आत्या अजून एकदाही त्या सरकत्या जिन्यावर चढलेली नाही. मामंजी परळच्या एका गिरणीत होते. मला आठवतं तसं तिच्या घरात दोन गोष्टी कायम टेबलावर असायच्या. एक रेडिओ आणि दुसरी जाड पुठ्ठ्याची वही.

या वहीबद्दल सांगितलं पाहिजे.

१९७५ च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. आदल्या वर्षी पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक चळवळीचं काम उभं केलं होतं, मुंबईच्या कामात संगीतकार सुधीर फडके यांचाही हात होता. म्हणजे ज्यांचं गीतरामायण आपण ऐकतो तेच बाबूजी लोकांना सांगत होते की तांदूळ एकत्र घ्या. ते दिवस टंचाईचे होते. तेल गायब, साखर गायब, डाळीत खडे, आणि दुकानदार म्हणेल तो भाव. पंचायतीनं मोर्चे काढलेच, पण एक साधं काम केलं. दहा-बारा घरांचा एक संघ करायचा, सगळ्यांची महिन्याची यादी एकत्र करायची, आणि माल मोठ्या प्रमाणात थेट मिळेल तिथून उचलायचा. महिन्याला एकदा माल यायचा आणि बायका तो आपापसात वाटून घ्यायच्या.

आत्याच्या चाळीत तो माल तिच्या दारापुढच्या गॅलरीत उतरायचा. मी सुट्टीत तिथं असायचो. पोती, डबे, साबणाच्या वड्या, मधोमध तराजू आणि आत्या वही घेऊन स्टुलावर. "जोशीबाई, तूरडाळ तीन. परेरा, तीन किलो तांदूळ. नीट मोज गं, मागच्या वेळी शंभर ग्रॅम कमी निघाले." शाळा न झालेल्या बाईनं चालवलेला हिशेब होता तो. ब्याऐंशीच्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला, तेव्हा तीन महिने तिला संघाचे पैसे भरता आले नाहीत. शेजारणींनी आपसात काढून भरले. वहीत ते अजून आहे, कुणाचे किती, आणि कधी फेडले. मामंजींची गिरणी काही परत सुरू झाली नाही. वही मात्र चालू राहिली.

ग्राहक संरक्षण कायदा आला तो १९८६ साली, २४ डिसेंबरला. त्याच्या आदल्या वर्षी, १९८५ मध्ये, संयुक्त राष्ट्रांनी ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं मंजूर केली होती. मी डिप्लोमाच्या परीक्षेला ही दोन्ही सालं पाठ केली होती आणि पेपरात उलटी लिहिली होती. आत्याला या दोन्ही तारखा माहीत नाहीत. तिचं म्हणणं, कायदा आला तेव्हा आमचा तराजू घासून गुळगुळीत झाला होता.

आता कांद्याकडं येतो. आत्याच्या संघाच्या यादीत कांदा नव्हता. नाशवंत माल, महिन्याला एकदा आणून कोण ठेवणार? कांदा-बटाटा मार्केटातून. आणि आमचं सगळं घर कांद्यावर. म्हणजे एका आईच्या दोन लेकरांत एक कांदा विकणारा आणि एक विकत घेणारी. एकाला भाव वर पाहिजे, दुसरीला खाली. एरवी हा विनोदाचा विषय होता. अठ्ठ्याण्णव साली कांदा भडकला, दिल्लीचं सरकार त्यात गेलं असं सगळे म्हणतात, त्या दिवाळीला आत्यानं पत्र लिहिलं होतं की "आप्पा, तुझ्या कांद्यानं डोळ्यांत पाणी आणलं, न चिरताच." आप्पांनी ते पत्र चार जणांना वाचून दाखवलं.

२०२३ च्या डिसेंबरात मात्र विनोद संपला.

क्रम सांगतो, कारण आपण विसरतो. २०२३ च्या १९ ऑगस्टला केंद्रानं कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. तेव्हा उन्हाळ कांदा चाळीत होता. (मुंबईच्या वाचकांसाठी: आमच्याकडं चाळ म्हणजे कांदा साठवायची शेड. आत्याला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आमच्यासारखंच, वरून गरम, खालून वारा.") व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले. सप्टेंबरात परत दहा-बारा दिवस बंद. ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलरचं किमान निर्यात मूल्य. आणि ७ डिसेंबरच्या रात्री सरळ बंदी.

डिसेंबरात असतो लाल कांदा. तो टिकत नाही. उन्हाळ कांदा तुम्ही चार महिने चाळीत धरून ठेवाल, लाल कांदा काढला की आठ-पंधरा दिवसांत विकायचा, नाहीतर कोंब. आप्पांचा ट्रॅक्टर ८ तारखेच्या सकाळी भरून उभा होता. लिलाव झालेच नाहीत. चांदवडला शेतकरी मुंबई-आग्रा महामार्गावर बसले. मी फोटो काढायला तिकडं, आप्पा ट्रॅक्टरजवळ. आणि दुपारी आत्याचा फोन. तिनं टीव्हीवर पाहिलं होतं. बिचारीला ठाऊक नव्हतं आमच्याकडं काय चाललंय. ती म्हणाली, "आप्पा, बरं झालं बाबा बंदी घातली, इथं साठ-सत्तरला गेला होता, आता उतरेल."

आप्पांनी फोन ठेवला. म्हणजे कापला नाही, "बरं" म्हणाले आणि ठेवला. त्यानंतर पावणेदोन वर्षं ते तिच्याशी बोलले नाहीत. लग्नकार्यात समोरासमोर आले तरी "कशी आहेस" पलीकडं नाही. त्र्याहत्तरचे आप्पा आणि सत्त्याहत्तरची आत्या. मी दोघांना समजवायचा प्रयत्न केला, दोघांनीही मला "तू पेपरवाला, तुला काय कळतं" म्हटलं.

मग मी विचार करायला लागलो की भांडण खरं कुणाचं आहे.

माझ्या धंद्यातलं एक सांगतो. लासलगावचा लिलाव ज्यांनी पाहिला नाही त्यांना वाटतं तिथं तासभर बोली चालते. तसं काही नाही. ट्रॅक्टरांची रांग, एक ट्रॉली पुढं आली की व्यापाऱ्यांचा घोळका तिच्याभोवती, मूठभर कांदे उचलून पाहणं, दोन-चार आकडे, आणि संपलं. मिनिटभराच्या आत वर्षाचा निकाल. १९४७ ची ही बाजार समिती, आशियातल्या मोठ्यांत मोजतात. पण त्या घोळक्यात चेहरे किती, ते मोजायला गेलं की गंमत कळते. काही वर्षांपूर्वी मी आमच्या साप्ताहिकात तेवढंच मोजून लिहिलं होतं. परवाने किती, प्रत्यक्ष बोली लावणारे किती, आणि एकाच घरातले परवाने किती. आमच्या तालुक्यातल्या एका बाजाराबद्दल, कुणाचं नाव न घेता. आरोप नव्हता, नुसती मोजणी होती.

पुढच्या आठवड्यात आमची तीन पानांची दिवाळीची जाहिरात रद्द झाली. ज्यांनी रद्द केली ते मला रस्त्यात भेटले, चहा पाजला, आणि म्हणाले, "भाऊ, तुमचं चुकलं नाही, पण आमचं पण चुकलं नाही." मालकांनी मला काढलं नाही, एवढंच सांगितलं की भावाच्या बातम्या द्या, भाव कसा ठरतो त्याच्या नको. तालुक्याच्या पेपरची ही खरी अर्थव्यवस्था आहे. ज्याच्यावर लिहायचं त्याच्याच जाहिरातीवर पगार. म्हणून आज हे इथं, माझ्या पोस्टवर लिहितोय.

आता ज्याला आपल्याकडं 'रिंग' म्हणतात, त्यावर देशात कायदा आहे. २००२ चा स्पर्धा कायदा. त्याच्या आधी १९६९ चा मक्तेदारीविरोधी कायदा होता, तो जाऊन हा आला, आणि भारतीय स्पर्धा आयोग २००९ च्या मे महिन्यापासून प्रत्यक्ष प्रकरणं घ्यायला लागला. एकाच धंद्यातल्या लोकांनी मिळून भाव ठरवला, माल अडवला, बाजार वाटून घेतला, तर त्यानं स्पर्धेला बाधा आली असंच कायदा धरून चालतो. नुसत्या कागदावरचा नाही हा कायदा. २०१२ मध्ये अकरा सिमेंट कंपन्यांना मिळून सहा हजार कोटींवर दंड ठोठावला होता, बिल्डरांच्या संघटनेच्या तक्रारीवर. ते प्रकरण अपिलांत फिरत सर्वोच्च न्यायालयात गेलं, तो भाग वेगळा. त्याच वर्षी गोव्यात वार्का इथल्या एका औषध दुकानाच्या तक्रारीवर औषध विक्रेत्यांच्या संघटनेविरुद्ध आदेश झाला. संघटनेची परवानगी असल्याशिवाय माल नाही आणि नफ्याची टक्केवारी संघटनाच ठरवणार, असा तो कारभार होता. म्हणजे मोठ्या कंपन्यांसाठीच हा कायदा आहे असं नाही. गावातलं दुकानही दार वाजवू शकतं, आणि ग्राहक संघटनाही. कायद्यात तसं स्पष्ट आहे.

कांद्याचं काय झालं? २०१० च्या डिसेंबरात भाव भडकले, त्यानंतर आयोगानं बंगळुरूच्या सामाजिक आणि आर्थिक बदल संस्थेकडून कांदा बाजाराचा अभ्यास करून घेतला. त्यात लासलगाव, पिंपळगाव सगळं आलं. मोजक्या व्यापाऱ्यांचा वरचष्मा, नव्या माणसाला बाजारात शिरणं कठीण, वर्षानुवर्षांची तीच नावं. आमच्या गावात कोणालाही विचारलं असतं तरी त्यानं हेच सांगितलं असतं, पण कागदावर आलं हे बरं झालं. पुढं? २०१६ मध्ये राज्यानं अडत शेतकऱ्याकडून काढून खरेदीदारावर टाकली. जुलैत व्यापाऱ्यांनी लिलाव बंद केले. २०२४ च्या एप्रिलमध्ये हमाली-तोलाईच्या कपातीवरून परत बंद. प्रत्येक वेळी जिल्हा उपनिबंधकांकडून परवाने रद्द करण्याच्या नोटिसांच्या बातम्या येतात, मी स्वतः दिल्यात, आणि मग बैठक होऊन चहापाणी होऊन लिलाव सुरू होतात. व्यापाऱ्यांचीही बाजू आहे, ती मी नाकारत नाही. रात्रीतून बंदी आली की त्यांचे कंटेनर बंदरात अडकतात, सीमेवर ट्रक सडतात. पण सगळ्यांनी एकदम खरेदी थांबवली तर शेतकऱ्यानं ट्रॉली घेऊन जायचं कुठं?

इथपर्यंत मला माहीत होतं. खरी गोष्ट कळली ती गेल्या वर्षी दादरला.

पत्रकारांचं दोन दिवसांचं शिबिर होतं, महागाईच्या बातम्या कशा कराव्यात यावर. तिथं ढाक्याच्या एका दैनिकातली बाई आली होती, माझ्याच वयाची. माझं हिंदी आणि तिचं हिंदी दोन्ही भयानक. पण मी नाशिक जिल्ह्याचा म्हटल्यावर ती ताडकन म्हणाली, "नाशिक? पियाज!" आणि मग जेवणाच्या सुट्टीत आम्ही कांद्यावर दीड तास बोललो. २०१९ च्या सप्टेंबर अखेरीस आपण निर्यातबंदी घातली तेव्हा नोव्हेंबरात त्यांच्याकडं कांदा दोनशे टका किलोच्या वर गेला. विमानानं कांदा आणला. ती म्हणाली, "आम्ही कांदे मोजून घ्यायचो, वजनावर नाही." ऑक्टोबरात शेख हसीना दिल्लीला आल्या होत्या, तेव्हा त्यांनी व्यापाऱ्यांच्या सभेत हसत हसत हिंदीतून सांगितलं होतं की मी माझ्या स्वयंपाक्याला कांदा घालू नको म्हटलंय, पुढच्या वेळी बंदी घालाल तर आधी कळवा. आपण ती बातमी गंमत म्हणून छापली. मी पण.

तिच्याकडं एक शब्द सारखा येत होता, 'सिंडिकेट'. ढाक्यात रिक्षावाल्यापासून मंत्र्यापर्यंत सगळे महागाई झाली की तोच शब्द वापरतात. मी तिला आमचा 'रिंग' सांगितला. तिनं वहीत लिहून घेतला.

मग आम्ही तारखा जुळवल्या. ८ डिसेंबर २०२३. बंदीची बातमी नाशिकला आणि ढाक्याला एकाच रात्री पोचली. आमच्याकडं सकाळी भाव कोसळला, त्यांच्याकडं सकाळी चढला, एका दिवसात दोनशे टक्यांच्या वर. पण ढाक्याच्या गोदामात त्या सकाळी जो कांदा होता, तो आदल्या आठवड्यातल्या भावानं घेतलेला होता. आणि आमच्याकडं पडलेल्या भावानं जो घेतला गेला, तोही कुणाच्या तरी गोदामात जाऊन बसलाच. आप्पा रडले, तिची आई रडली, माहीमला आत्याला चार दिवस बरं वाटलं. मधल्या गोदामाला काही झालं नाही. त्यांच्याकडच्या ग्राहक हक्क संचालनालयाची पथकं बाजारात उतरली, दंड केले. कुणाला? गाडीवाल्याला, किरकोळ दुकानदाराला. गोपी टँकच्या त्या माणसासारख्याला.

बांगलादेशात स्पर्धा कायदा २०१२ चा आहे, ग्राहक हक्काचा २००९ चा. नेपाळात स्पर्धेचा कायदा २००७ पासून. श्रीलंकेनं २००३ मध्ये दोन्ही कामं एकाच प्राधिकरणाकडं दिली. पाकिस्तानातही आयोग आहे. म्हणजे कायदे सगळ्यांकडं आहेत, प्रत्येकाचा आपापल्या कुंपणापुरता. आणि कांदा कुंपण ओलांडतो.

त्यात आपल्या कायद्यात एक कलम आहे, ते वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. स्पर्धा कायद्याच्या तिसऱ्या कलमातच एक सूट आहे. मिळून भाव ठरवणं, माल अडवणं गुन्हा आहे, पण जो करार निव्वळ निर्यातीपुरता आहे त्याला ते लागू नाही. म्हणजे उद्या चार निर्यातदारांनी बसून ठरवलं की ढाक्याला अमुक भावाच्या खाली द्यायचं नाही, तर दिल्लीचा आयोग म्हणेल हे आमच्याकडं येत नाही. आणि ढाक्याचा आयोग नाशिकला चौकशीला येणार कसा? त्याला इथली कागदपत्रं कोण देणार? ही सूट आपण एकट्यांनी ठेवलीय असं नाही, अमेरिकेतही निर्यात संघांना फार जुन्या कायद्यानं अशी मोकळीक आहे. आपला माल महाग विकला गेला तर आपल्या देशाचं काय बिघडलं, असा त्यामागचा विचार. पण तो महाग विकल्याचा पैसा लासलगावच्या ट्रॉलीपर्यंत पोचला असता तर मी गप्प बसलो असतो. जो चार जणांत ठरवून तिकडं महाग विकू शकतो, तोच तेवढ्याच चार जणांत ठरवून इकडं स्वस्त घेऊ शकतो. माणसं तीच, गोदाम तेच.

आपल्या आयोगाचे अमेरिका, रशिया, ऑस्ट्रेलिया, युरोपीय संघ यांच्याशी सामंजस्य करार आहेत. चांगलं आहे. गुगलवर २०२२ मध्ये तेराशे कोटींच्या वर दंड बसवला, त्याला अशी जगभरची देवाणघेवाण उपयोगी पडत असेल. पण माझ्या गावाचा माल न्यूयॉर्कपेक्षा ढाका आणि कोलंबोला जास्त जातो. तिथल्या अधिकाऱ्याला फोन उचलून "आज तुमच्याकडं गोदामात किती आहे, आमच्याकडं एवढा आहे" इतकं विचारता आलं, तर बंदी घालायच्या आधी चार वेळा विचार होईल. सार्कची धान्य बँक २००७ मध्ये ठरली, तांदूळ आणि गव्हाची. सार्कची शिखर बैठक २०१४ नंतर झालेलीच नाही. २०२२ च्या डिसेंबरात दिल्लीला दोन्ही देशांचे वाणिज्यमंत्री बसले होते, तेव्हा बांगलादेशनं मागणी केली होती की गहू, साखर, कांदा अशा मालाचा वर्षाचा ठरलेला कोटा द्या. मला ती मागणी आमच्याच फायद्याची वाटते. ठरलेला कोटा म्हणजे ठरलेलं गिऱ्हाईक. २०२४ च्या मार्चमध्ये बंदी असतानाच सरकारनं स्वतःच्या सहकारी निर्यात संस्थेमार्फत पन्नास हजार टन बांगलादेशला द्यायला परवानगी दिली, म्हणजे देता येत होतं. फक्त कुणामार्फत द्यायचं आणि शेतकऱ्याला त्यातलं किती, हे लिलावात उभ्या असलेल्याला कळलं नाही.

आणि आता चक्र उलटं फिरलंय. एप्रिल २०२५ पासून आपलं निर्यात शुल्क शून्य आहे. पण बांगलादेशनं आपल्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून २०२५ मध्ये आयातीचे परवाने आखडते घेतले. चार वेळा हात पोळल्यावर त्यांनी स्वतःचा कांदा वाढवला, त्यांना दोष कसा देणार? आमचे अकरा रुपये त्यातूनही आलेत. २०१८ मध्ये निफाडच्या एका शेतकऱ्यानं ७५० किलो कांद्याचे आलेले १,०६४ रुपये मनीऑर्डरनं पंतप्रधानांना पाठवले होते, आठवतंय ना? मला वाटलं होतं तसं परत लिहावं लागणार नाही.

तर माहीम. आत्याला मी हे सगळं सांगितलं, गॅलरीत बसून, शब्द सोपे करून. निर्यातीच्या सुटीवर ती बोलली नाही. ढाक्याच्या बाईचं ऐकून मात्र म्हणाली, "कांदे मोजून? अरे देवा." मग उठली, कपाटातून वही काढली. संघ कधीच बंद पडला, अर्ध्या बायका गेल्या, उरलेल्या मुलांकडं विरारला आणि बदलापूरला. पण ती अजून घरचा हिशेब त्याच वहीत लिहिते. कांद्याची पिशवी ओतली. उन्हाळ कांदा, चाळीत पाच महिने राहिलेला, पत्ती सुटलेली, पण दडदडीत. एक हातात घेऊन दाबला.

"आप्पानं दिला की तू उचललास?"

"आप्पांनी स्वतः निवडून भरला," मी म्हटलं. खरं होतं ते. पहाटे बॅटरी लावून चाळीत शिरले होते. माझ्याकडं बघितलं नाही, फक्त पिशवी मोटारसायकलला बांधली.

तिनं चष्मा लावला, तारीख टाकली, 'कांदा, १० किलो' लिहिलं आणि भावाच्या रकान्याशी थांबली. मला म्हणाली, "फोन लाव त्याला."

लावला. आप्पांनी माझा समजून उचलला.

"आप्पा, आक्का बोलतेय. कांदा पोचला. भाव काय लिहू?"

पलीकडं बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग आप्पा म्हणाले, "चाळीत तिसावा हिस्सा सडला ग आक्का. खर्च धरला तर सोळा पडतात. अकरा आले."

आत्यानं सोळा लिहिलं. मग पन्नास-पन्नासच्या तीन नोटा आणि दहाची एक काढून माझ्या खिशात कोंबली, आणि फोनवर त्याला रागवायला लागली की पहाटेच्या अंधारात चाळीत कशाला शिरतोस, साप असतात तिथं.